वस्तू, डोळा आणि मोबाइल : संग्रहालय बघताना

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मोबाइलशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. पण मला विचाराल तर हा विषय मुळात ज्ञानमीमांसेचा आहे. संग्रहालयात आपण एका वस्तूसमोर उभे असतो, शेजारी तिच्याविषयी कुणीतरी काहीतरी सांगत असतं, आणि या दोन्हींतून आपल्याला काहीतरी 'कळतं'. हे कळणं कसं घडतं, आणि हातातल्या मोबाइलमुळे ते सुधारतं की बिघडतं, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे. तांत्रिक तपशील मी गरजेपुरतेच घेणार आहे.

गवयाची गोष्ट

न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातलं उपमान समजावताना एक जुना दृष्टान्त देतात. शहरातल्या माणसाने 'गवय' नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा एक जण त्याला सांगतो, गवय हा गाईसारखा असतो. पुढे हा शहरी माणूस रानात जातो, त्याला गाईसारखं जनावर दिसतं, ऐकलेलं वाक्य आठवतं, आणि त्याच्या लक्षात येतं, अरे, गवय म्हणतात तो हाच.

आता यात तीन गोष्टी बघा. एक, सांगणाऱ्याचं वाक्य छोटं आहे. त्याने गवयाची वंशावळ सांगितली नाही. दोन, ते वाक्य ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीवर, म्हणजे गाईवर, उभं आहे. आणि तीन, त्या वाक्याचं काम प्राणी समोर आल्यावर पूर्ण होतं. रानात न जाता घरी बसून ते वाक्य हजार वेळा घोकलं तरी गवय दिसणार नाही.

संग्रहालयासाठी मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा दृष्टान्त टेबलासमोर लावून ठेवावा असं मला वाटतं. आपल्याकडच्या पाट्या कशा असतात? 'अडकित्ता, पितळ, एकोणिसावे शतक.' बस्स. ज्याला अडकित्ता माहीत आहे त्याला या पाटीची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला या पाटीचा उपयोग नाही. आजच्या बारा वर्षांच्या मुलाने घरात अडकित्ता पाहिलेला नसतो. त्याच्यासाठी ती गवयाचीच जात. पण त्याला 'गाईसारखा' म्हणून सांगणारं कुणी नसतं. शाळेची सहल असते, मागून 'पुढे चला, पुढे चला' चालू असतं, आणि तासाभरात वीस दालनं संपतात.

कानातल्या आवाजाचा इतिहास

पाटीच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न काही आजचा नाही. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या हातात छोटे रेडिओ-ग्राहक दिले होते. संग्रहालयातच टेपवरून भाषण प्रक्षेपित व्हायचं आणि ते ग्राहकातून कानात ऐकू यायचं. गंमत अशी की सगळ्यांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू यायचं, त्यामुळे सगळा घोळका एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे. पुढे कॅसेट आली, मग क्रमांक दाबून ऐकायची यंत्रं आली, आणि प्रत्येकाला आपापल्या गतीने फिरता येऊ लागलं.

मग मोबाइल आला आणि यंत्र प्रेक्षकाच्या खिशातच पोचलं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी क्यूआर कोड काढला होता. आज आपण त्याच्यावर भाजीचे पैसे देतो. इंग्लंडमधल्या डर्बी शहराच्या संग्रहालयात २०११ साली त्याचा एक सुंदर उपयोग झाला. वस्तूजवळचा कोड मोबाइलने वाचला की मोबाइल कुठल्या भाषेत लावलेला आहे ते ओळखून त्या भाषेतला विकिपीडियाचा लेख उघडायचा. 'क्यूआरपीडिया' हे त्याचं नाव. म्हणजे डर्बीत उभ्या असलेल्या मराठी माणसाला, मराठीत तो लेख असेल तर, मराठीतच वाचायला मिळणार.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर 'मोना' हे संग्रहालय उघडलं. त्यांनी तर भिंतीवरच्या पाट्याच काढून टाकल्या. प्रेक्षकाच्या हातात एक उपकरण, त्यात तुम्ही उभे आहात तिथल्या कलाकृतींची माहिती. वाचायची तर वाचा, नाही तर नुसतं बघा. आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २०१५ मध्ये वेगळीच वाट धरली : मोबाइलवरून प्रश्न लिहून पाठवा, संग्रहालयातली जाणकार माणसं तिथल्या तिथे उत्तर देतील.

आपल्याकडे सी-डॅकच्या पुणे केंद्राने 'जतन' नावाची प्रणाली तयार केली. तिच्या आधारे राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी आणि छायाचित्रं एका संकेतस्थळावर आली. हे मोठंच काम आहे. पण नोंद करणं वेगळं आणि वस्तूसमोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. नोंदवही अभ्यासकासाठी असते. तिच्यात लांबी, रुंदी, माध्यम, काळ, प्राप्तिक्रमांक हवाच. तीच नोंद जशीच्या तशी मोबाइलच्या पडद्यावर टाकली, तर पाटी फक्त भिंतीवरून हातात आली. बाकी काही बदललं नाही.

मोबाइल काय हिरावून घेतो

आता दुसरी बाजू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात हे मोजलं गेलं, आणि २००१ साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी सत्तावीस सेकंद. मध्यक तर सतराच सेकंद. म्हणजे निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आत पुढे गेले. आणि ही मंडळी स्मार्टफोनच्या आधीची, बरं का! तेव्हा सगळा दोष मोबाइलवर टाकू नका. आपल्याला बघायची सवय आधीपासूनच कमी आहे.

पण मोबाइल त्यात भर घालू शकतो, हेही खरं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. नंतर आठवण तपासली, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवत होते. जणू मन म्हणतं, 'ठेवलंय ना फोनमध्ये, आता मला कशाला त्रास?' पण याच प्रयोगात पुढे एक भाग आहे, तो लोक सांगायचे विसरतात. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घ्यायला सांगितलं, त्यांची आठवण बिघडली नाही. आणि गंमत म्हणजे ज्या भागाचा फोटो घेतला नव्हता, तोही त्यांना आठवत होता.

यातून काय घ्यायचं? यंत्र तेच, पण एकदा त्याने लक्ष काढून घेतलं आणि एकदा लक्ष गोळा केलं. फरक कशाने पडला, तर सूचनेने. 'मूर्तीच्या डाव्या हाताकडे बघा' असं कुणी म्हटलं की डोळा कामाला लागतो. तेव्हा मोबाइलवरच्या मजकुराची पहिली परीक्षा मी अशी सांगेन : ऐकून किंवा वाचून झाल्यावर माणसाची मान वर होते का? तो पुन्हा वस्तूकडे बघतो का? मान खालीच राहिली तर तो मजकूर घरी बसून वाचायचा होता, संग्रहालयात नव्हे.

नैयायिकांचा आणखी एक भेद इथे उपयोगी पडतो. निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष. आधी नुसतं काहीतरी दिसतं, अजून नाव नाही, जात नाही. मग 'हा अडकित्ता आहे, पितळेचा आहे' असं विशेषणांसकट ज्ञान होतं. आपण काय करतो? आधी पाटी वाचतो, मग वस्तूवर एक नजर टाकून पाटी बरोबर आहे ना याची खात्री करून घेतो. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, मजकुराचं पहिलं वाक्य माहिती देणारं नसावं, बघायला लावणारं असावं. दहा सेकंद नुसतं बघू द्या. नाव मागाहून येऊ दे.

मोबाइल काय देऊ शकतो

तीन उदाहरणं घेऊ. पहिली दोन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असतात तशा वस्तूंची. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी जन्मभर हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. दिवे, दारं, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी, अडकित्ते, वज्र्या. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, आणि एका वेळी त्यातला थोडाच भाग मांडता येतो. मांडलेली प्रत्येक वस्तू ही कुणाच्या तरी हातातली वस्तू होती, आणि आता ती काचेआड आहे. हात लावता येत नाही.

पहिली वस्तू, वज्री. टाचा घासायची. मूठ पक्ष्याची, प्राण्याची, फार देखणी असते, आणि ती दिसावी म्हणून वज्री सरळ बसवलेली असते. म्हणजे तिचा कामाचा भाग, तो खरबरीत तळ, खाली झाकला जातो! प्रेक्षकाला वाटतं ही शोभेची मूर्ती आहे. इथे मोबाइलवर एकच चित्र पुरे : उलटी धरलेली वज्री. त्याखाली एक ओळ, 'हा तळ काचेतून दिसणार नाही. मूठ बघा आणि ओल्या हातातून ती निसटू नये म्हणून कारागिराने काय केलं असेल ते शोधा.'

दुसरी, अडकित्ता. इथे आवाज हवा. सुपारी फुटतानाचा तो 'कट्' आवाज, आणि नंतर कातरताना होणारा बारीक आवाज. मग विचारा, सुपारी पात्याच्या टोकाशी धरतात की बिजागरीजवळ? बिजागरीजवळ, कारण तिथे तरफेचा जोर जास्त मिळतो. आठवीच्या मुलाला शाळेत शिकलेली तरफ इथे समोर दिसते. हीच त्याची 'गाय'. आणि पानसुपारी देणं म्हणजे काय, पाहुण्याला निरोप कसा द्यायचे, सुपारी देऊन व्यवहार कसा पक्का व्हायचा, हे ज्याला ऐकायचं त्याने पुढचं बटण दाबावं. सगळं सगळ्यांवर लादायचं नाही.

तिसरं उदाहरण मुंबईचं. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हे संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, पण हत्ती त्याहून कितीतरी जुना, आणि तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते या हत्तीवरूनच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आता सांगा, यातलं नुसत्या बघण्याने काय कळणार? बागेत आलेली मुलं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि पेंग्विन बघायला पळतात. मोबाइलवर एक नकाशा, बेट ते बाग, आणि एक प्रश्न : हा दगड एकसंध आहे का, भोवती फिरून बघा. वस्तूचं हरवलेलं ठिकाण दाखवणं हे काम मोबाइल पाटीपेक्षा नक्कीच चांगलं करतो.

करायचं कसं

आता थोडं व्यवहाराचं. 'मोबाइलस्नेही' म्हणजे काय? संगणकासाठी केलेलं पान छोट्या पडद्यावर बसवलं की झालं, असं नाही.

प्रेक्षक उभा असतो. एका हातात पिशवी किंवा लेकराचं बोट असतं. तेव्हा एका वस्तूचा आवाज मिनिटभराचा, फार तर दीड मिनिटाचा. लिखित मजकूर ऐंशी-शंभर शब्दांचा. अक्षर मोठं, कारण माझ्यासारखे चष्मा शोधणारेही येतात. वेगळं अ‍ॅप उतरवून घ्या असं दारात सांगू नका. निम्मे तिथेच कंटाळतात. कोड वाचला की साधं पान उघडावं, नाव-नंबर न विचारता. जुन्या इमारतींच्या जाड भिंतींत नेटवर्क मिळत नाही, म्हणून पान हलकं हवं आणि जमेल तिथे संग्रहालयाने स्वतःचं वायफाय द्यावं. कोड काचेवर चिकटवू नका, उजेड परावर्तित होतो आणि मागची वस्तू झाकली जाते. तो अशा उंचीवर लावा की लहान मुलाला आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्यालाही वाचता येईल. आवाज इयरफोनवर, आणि ज्याच्याकडे तो नाही किंवा ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तेच बोलणं लिहिलेलं. दृष्टिहीन प्रेक्षकासाठी वस्तूचं शब्दांतलं वर्णन. ते वर्णन डोळस माणसानेही ऐकून बघावं. आपण काय काय बघितलंच नव्हतं ते कळतं.

आणि मराठी. इंग्रजी मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर नको. अडकित्त्याला, समईला, रोवळीला, पाट्या-वरवंट्याला आपल्याकडे शब्द आहेत, क्रियापदं आहेत. सुपारी 'कातरतात', मसाला 'वाटतात', धान्य 'पाखडतात'. वस्तू गेली की तिचं क्रियापदही जातं. संग्रहालयाने वस्तू जपली आणि क्रियापद जाऊ दिलं, तर निम्मंच जपलं.

सांगणारा कोण?

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सर्वांना सारखंच लागू आहे. केवढी मोठी गोष्ट आहे बघा! आप्तपणा जन्मावर किंवा पदवीवर नाही, जाणण्यावर आणि प्रामाणिकपणे सांगण्यावर आहे.

मग अडकित्त्याविषयी आप्त कोण? धातूचा काळ सांगायला पुरातत्त्वज्ञ. पण तो घडवतात कसा हे सांगायला तांबट आणि लोहार. धरायचा कसा हे सांगायला ऐंशी वर्षांची आजी. यांचे आवाज आपल्या मजकुरात कुठे आहेत? वस्तू काचेत आणखी दोनशे वर्षं टिकेल. आजी टिकणार नाही. हे ज्ञान कुठल्या ग्रंथात नाही, ते हातात आहे, आणि ते हात एकेक करून जात आहेत. मोबाइलचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो इथे. तो ऐकवण्याआधी ध्वनिमुद्रण करू शकतो. येत्या दहा-पंधरा वर्षांत हे झालं नाही, तर नंतर कितीही पैसा घाला, होणार नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं म्हणजे गैरसोयीचंही सांगायचं. ही वस्तू कुणाच्या घरातली? हा दिवा ज्या देवळात लागायचा तिथे कुणाला प्रवेश नव्हता? आणि आपल्याला हे कशावरून माहीत आहे? केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला आहे. अशा ठिकाणी मूळ भाग कुठला, नव्याने जोडलेला कुठला, परंपरा काय सांगते आणि कागद काय सांगतो, हे वेगवेगळं सांगता येतं. भिंतीवरच्या पाटीला जागा नसते. मोबाइलला आहे. प्रेक्षकाला निष्कर्षाबरोबर त्याचा आधारही दाखवा, तो शहाणा असतो.

प्रश्नोत्तरे

*छोट्या गावातल्या संग्रहालयाला हे परवडेल का?*

परवडेल. शंभर वस्तूंपासून सुरुवात करू नका. दहा निवडा. एक साधं संकेतस्थळ, दहा छापील कोड, एक बरा मोबाइल ध्वनिमुद्रणाला. खरा खर्च वेळेचा आहे. दहा वस्तूंवर नीट शंभर-शंभर शब्द लिहायला महिना लागतो. जवळच्या महाविद्यालयातली मराठीची, इतिहासाची मुलं जोडून घ्या. आणि लिहून झालं की ते दोन अनोळखी प्रेक्षकांना वस्तूसमोर उभं करून ऐकवा. मान वर झाली नाही तर पुन्हा लिहा.

*मजकूर आता यंत्रच लिहून देईल, मग माणसं कशाला?*

यंत्र भाषा नीट करून देईल, लांब मजकूर आटोपशीर करून देईल, त्याला माझी हरकत नाही. पण आप्ताच्या दोन अटी आठवा. स्वतः जाणलेलं असणं, आणि जसं आहे तसं सांगायची इच्छा असणं. यंत्राच्या हातात कधी अडकित्ता आलेला नाही. आणि त्याने लिहिलेलं चुकीचं निघालं तर उत्तर कोण देणार? खाली कुणाचं तरी नाव हवं. जो नाव घालायला तयार आहे त्याने वाचून, तपासून, मगच लावावं.

*मुलं मोबाइल हातात आला की खेळच खेळतील.*

खेळतील की! म्हणून चार मुलांत एक मोबाइल द्या. एकाने ऐकायचं आणि तिघांना सांगायचं, तिघांनी शोधायचं, पुढच्या वस्तूला मोबाइल दुसऱ्याच्या हातात. शिक्षकांनी वीस दालनांऐवजी दोनच करावीत. उरलेली अठरा बघायला ती मुलं पुढे आपण होऊन येतील.

वेळ संपत आली. जाता जाता एक काम देतो. घरी माळ्यावर एखादी जुनी वस्तू असेलच : पाटा, रोवळी, कंदील, काहीही. ती काढा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि 'ही कशी वापरायचे?' एवढंच विचारून मोबाइलवर दोन मिनिटं मुद्रित करा. मधे बोलू नका. हात दिसतील असं धरा. पुढच्या व्याख्यानाला येताना ते घेऊन या, आपण त्यातली चार-पाच इथे बसून बघू.